लवंगेच्या बेटांवर: ज्वालामुखी, काकाकुवा आणि लहान जहाजाची सफर

घरात बिर्याणी शिजत असो की दालचा, लवंगेशिवाय भागत नाही. पण ही लवंग मूळची कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण केरळचं नाव घेतात. खरं तर तिचं माहेर फार लांब, इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला आहे. तेरनाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान ही उत्तर मालुकू भागातली छोटी बेटं. काही शतकांपूर्वीपर्यंत जगभरातली लवंग याच भागातून जायची. तिच्या व्यापाराबरोबर इथे इस्लाम आला आणि 15व्या शतकाच्या अखेरीस तेरनातेचे राज्यकर्ते सुलतान म्हणवू लागले. आजही तेरनातेची बहुसंख्य वस्ती मुस्लिम आहे. फजरची अजान होते तेव्हा वर 1,715 मीटर उंचीचा गामालामा उभा असतो. हा जिवंत ज्वालामुखी आहे.

या बेटांमधून हल्ली लहान जहाजांच्या सफरी निघतात. उमरा झाला, तुर्कस्तान-मलेशिया पाहून झालं, आता वेगळं काय, असं विचारणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती.

बेटं बनली कशी?

पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे आणि हे तुकडे सतत सरकत असतात. मालुकू समुद्राखालचा तुकडा पूर्वेला हाल्माहेराखाली आणि पश्चिमेला सांगिहे बेटांखाली, असा दोन्ही बाजूंनी खोल घुसतोय. अशी रचना जगात क्वचितच सापडते. खोल गेलेल्या या खडकातून पाणी सुटतं, त्यामुळे वरचा तप्त खडक वितळतो आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. तेरनाते आणि तिदोरे ही समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखींचीच बेटं. हाल्माहेरावरचा दुकोनो तर 1933 पासून जवळजवळ अखंड धुमसतोय.

राख आणि लाव्हा भयंकर खरे, पण त्यांचीच पुढे सुपीक माती होते. म्हणूनच लवंग इथे फोफावली. तेरनातेच्या किनाऱ्यावर 'बातू अंगुस', म्हणजे जळके दगड, नावाची जागा आहे. तिथे जुना लाव्हा समुद्रापर्यंत येऊन थिजलेला दिसतो. दक्षिणेकडच्या बांदा बेटांवर 1988 मध्ये लाव्हा समुद्रात उतरला आणि तिथले प्रवाळ नष्ट झाले. पण पाचच वर्षांत त्या काळ्या खडकावर नवे प्रवाळ दाट वाढल्याचं शास्त्रज्ञांना दिसलं.

इथले प्राणी वेगळे का?

हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा जावा आणि सुमात्रा आशियाच्या जमिनीला जोडले गेले. मालुकूभोवतीचा समुद्र मात्र इतका खोल की ही बेटं आशियाला कधी जोडली गेली नाहीत आणि ऑस्ट्रेलियालाही नाहीत. जे उडत आलं, पोहत आलं, वाहत आलं, तेच इथे टिकलं आणि हजारो पिढ्यांत बदलत गेलं.

मेगापोड पक्ष्याची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खोल अंडं पुरते आणि निघून जाते. उन्हाने तापलेली वाळूच अंडं उबवते. पिल्लू स्वतः वाळू उकरून वर येतं आणि आईबापाविना जगायला लागतं. उथळ पाण्यात रात्री एक छोटा शार्क दिसतो, तो परांवर भार देऊन चक्क तळावरून चालतो. त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद 2013 मध्ये झाली. आणि पांढराशुभ्र काकाकुवा! हा मराठी शब्दसुद्धा मूळ मलय भाषेतल्या 'काकातुआ'वरून आलेला.

1858 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हे इंग्रज निसर्गअभ्यासक तेरनातेत राहत होते. जीवजाती कशा बदलतात याबद्दलचा आपला लेख त्यांनी इथूनच डार्विनना पाठवला. त्यांच्यासोबत सारावाकचा अली नावाचा मलय तरुण होता. जंगलात फिरणं, पक्षी मिळवणं, कातडी टिकवणं, ही कामं तो करायचा. त्याच वर्षी बाचान बेटावर छातीवर हिरवी चमक आणि पंखांतून निघालेली लांब पांढरी पिसं असलेला स्वर्गीय पक्षी प्रथम अलीनेच आणला. पक्ष्याला नाव मिळालं वॉलेस यांचं. अलीचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

लहान जहाजच का?

मोठ्या क्रूझला खोल बंदर लागतं. इथल्या बहुतेक खाड्यांत ती शिरूच शकत नाही. लहान जहाजावर साधारण बारा ते वीस पाहुणे असतात. रात्री प्रवास, सकाळी होडीने किनारा आणि मग स्थानिक वाटाड्यासोबत जंगल, असा क्रम असतो. स्वर्गीय पक्षी पहाटे नाचतात, त्यामुळे फजर पढून लगेच निघावं लागतं. यातली अनेक जहाजं लाकडी 'पिनिसी' घाटाची असतात. दक्षिण सुलावेसीतल्या मुस्लिम कारागिरांची ही जहाजबांधणी 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

सफर स्वस्त नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. परवडत नसेल तर तेरनातेत मुक्काम करा. तिदोरेला लोकल होडी काही मिनिटांत पोहोचते, बाचानलाही प्रवासी बोटी जातात.

निघण्यापूर्वी

भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. जकार्ताहून तेरनातेच्या सुलतान बाबुल्ला विमानतळावर जाता येतं. 1575 मध्ये पोर्तुगीजांना हुसकावणाऱ्या सुलतानांचंच हे नाव. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. बेटं विषुववृत्ताला लागून असल्याने नमाजच्या वेळा वर्षभर फारशा बदलत नाहीत. किब्ला पश्चिमेकडे, थोडा उत्तरेला झुकलेला. पण जहाज वळत राहतं, म्हणून होकायंत्र जवळ ठेवा. जहाज फार डोलत असेल तर बसून नमाजची सवलत आहे. मुसाफिराच्या नमाजबद्दल आपल्या इमामसाहेबांना आधीच विचारून घ्या. तेरनातेत हलाल जेवण सहज मिळतं. जहाजावर ते गृहीत धरू नका. मांस कुठलं, भांडी वेगळी आहेत का, दारू दिली जाते का, हे बुकिंगआधी लेखी विचारा. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याचे चार स्तर असतात, शेवटचे दोन 'सियागा' आणि 'आवास'. ते जाहीर असतील तर त्या डोंगराकडे फिरकू नका.

अमानत

17व्या शतकात डच कंपनीने लवंगेची मक्तेदारी टिकवण्यासाठी या बेटांवरची लवंगेची झाडं तोडून टाकायला लावली. पुढे फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली, तिथून लवंग झांजिबारपर्यंत पसरली. लवंग वाचली, कारण ती दुसऱ्या मातीत रुजली. पण स्वर्गीय पक्षी असा दुसरीकडे रुजणार नाही. तो हाल्माहेरा-बाचान परिसर सोडून कुठेच नाही. हाल्माहेराच्या वेदा भागात आज निकेलच्या मोठ्या खाणी आहेत आणि त्यांच्यापायी जंगल तुटतंय. हे निकेल स्टीलच्या भांड्यांत आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातं, म्हणजे आपल्याही घरात येतं. काकाकुवा पकडून पिंजऱ्यांसाठी विकले जातात, ते वेगळंच.

एकट्या कुटुंबाने खाण थांबणार नाही. पण मेगापोडची अंडी आणि जंगलातून पकडलेला पक्षी आपण नाकारू शकतो, प्रवाळावर पाय ठेवणं टाळू शकतो, वाटाड्या गावातलाच घेऊ शकतो. जंगल उभं राहिल्याने गावातल्या चार घरांत चूल पेटली, तर ते गावच जंगल राखेल. ही धरती आपल्याकडे अमानत आहे, असं आपण मुलांना सांगतो. इथे पहाटेच्या अंधारात, आवाज न करता झाडाकडे बघत उभं राहिलं की मुलांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.