गोळी कंपवाताची, नाद जुगाराचा

कंपवाताच्या काही रुग्णांमध्ये डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट आढळली. डोपामाइनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आजवर जुगाराच्या वाटेला न गेलेली माणसं पैसे उधळू लागली. गोळी कमी किंवा बंद केल्यावर अनेकांचा नाद ओसरला. दारू नाही, गांजा नाही, तरी व्यसन जडलं!

मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून यामागचं गणित उलगडतं. दिवा लागल्यावर रसाचा थेंब मिळतो हे माकडाला कळलं, की त्याच्या डोपामाइन पेशी थेंबाऐवजी दिव्यालाच उसळतात. थेंब आलाच नाही, तर त्या मंदावतात. अनपेक्षित मिळाला, तर पुन्हा उसळतात. जुगारात पुढचा डाव कधीच नेमका ओळखता येत नाही, म्हणून ही उसळी शमत नाही. कोकेन हीच यंत्रणा रसायनाने थेट ढवळतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जच्या पंक्तीत बसवलं, ते याच साम्यामुळे. साम्य पुरतं नाही: दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जुगार सोडणाऱ्याला मुख्यतः चिडचिड आणि निद्रानाश छळतात.

मग तासन्‌तास स्क्रीनला खिळून राहणं हेही व्यसनच का? चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये दहा तास स्क्रीनसमोर बसणं ही नोकरी आहे, व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या यादीत गेमिंगचा विकार ठरवताना तास मोजलेले नाहीत. ताबा सुटला का, बाकी सगळं मागे पडलं का, नुकसान दिसूनही खेळ चालूच आहे का, हे पाहिलं जातं. मला हा निकष फार मोलाचा वाटतो.

खरी अडचण उपचारात आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून दारू-ड्रग्जपासून पूर्ण दूर राहायला शिकवतं. पण ऑनलाइन जुगाराचा नाद लागलेल्या प्रोग्रामरने फोन आणि लॅपटॉप कायमचे कसे सोडायचे? सोडायची ती पैज. म्हणून अ‍ॅप काढायचं, यूपीआय आणि बँकखातं काही काळ घरच्यांच्या हाती द्यायचं, समुपदेशन घ्यायचं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली, पण हरलेले पैसे परत मिळवण्याची तगमग कायद्याने थांबत नाही. जुगाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. घरच्यांना कळतं ते कर्जवसुलीचा फोन आल्यावर. इतकी वाट पाहू नका. चंदीगडमध्येच पीजीआय रुग्णालयाचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि देशात कुठूनही टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करता येतो.