औषधाच्या जोडीला शेजार

बेल्जियममध्ये घेल नावाचे एक छोटे शहर आहे. तेथील काही कुटुंबे तीव्र मनोविकार झालेल्या अनोळखी माणसांना आपल्या घरी राहावयास घेतात. कोणी काही वर्षे राहतो, कोणी आयुष्यभर. त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. ते घरचे पाहुणे!

ही प्रथा मध्ययुगापासूनची आहे. संत डिम्फ्ना हिच्या कृपेने मनोविकार बरे होतात, या श्रद्धेने लोक रुग्णांना तेथील चर्चमध्ये आणीत. चर्चमधील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. एकोणिसाव्या शतकात सरकारने ही व्यवस्था हाती घेतली आणि डॉक्टर नेमले. १९३८ च्या सुमारास घेलमध्ये असे ३,७०० हून अधिक पाहुणे होते. आज ही संख्या पुष्कळ घटली आहे, पण प्रथा मोडलेली नाही.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तर यात विज्ञान कोणते?

छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा विकार घ्या. यात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणीतरी आपल्या वाइटावर आहे, असे ठामपणे वाटते. ही भूतबाधा नव्हे की करणी नव्हे. मेंदूच्या कार्यात झालेला हा बिघाड आहे. १९५२ पासून क्लोरप्रोमॅझिन हे औषध वापरात आले. अशी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचा परिणाम रोखतात, हे पुढे कळले. पण बरे वाटून घरी गेलेल्यांपैकी काहींचा आजार उलटे, काहींचा उलटत नसे. असे का व्हावे?

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांचा मागोवा घेतला. १९७२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ज्या घरांत टोमणे, राग किंवा अतिकाळजी होती, तेथे ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हेच प्रमाण १६ टक्के होते! घरच्यांमुळे हा रोग होतो, असा याचा अर्थ नव्हे. नाजूक झालेल्या मनाला ताण सोसत नाही, एवढेच. घेलमधील यजमान टोमणे मारीत नाहीत. जमेल तेवढे काम देतात आणि सोबत जेवावयास बसवतात.

आपल्याकडेही गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथील २८२ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींना नेहमीचे उपचार दिले. इतरांकडे त्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते जात. ते औषधांची आठवण देत, कुटुंबाला आजार समजावून सांगत, रुग्णाला पुन्हा कामाला लागण्यास मदत करीत. वर्षअखेर या दुसऱ्या गटाची लक्षणे आणि परावलंबन थोडे अधिक कमी झाले होते. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. फरक माफक होता, पण खरा होता.

मित्रांनो, डॉक्टर होण्यास तुम्हांला वेळ आहे. शेजारी तर तुम्ही आजच आहात. आळीतल्या अशा एखाद्या माणसाला ‘वेडा’ म्हणून चिडवू नका, त्याला नावाने हाक मारा. घरात कोणाला असा त्रास होत असेल, तर तो लपवू नका. शिक्षकांशी बोला, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा.