विजेचे प्रयोग आणि सावधगिरी

विद्यार्थिमित्रहो, शास्त्राच्या तासाला सर्वांत अधिक कुतूहल विजेच्या प्रयोगांविषयीं असतें, व तें इष्टच आहे. परंतु वीज डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तिच्याशीं व्यवहार करितांना अंदाजापेक्षां नियमावर भिस्त ठेवणें अवश्य आहे.

इ. स. १७५३ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें प्रोफेसर रिखमान हे मेघांतील विजेचें मापन करीत होते. छपरावरील लोखंडी गज घरांतील यंत्रास जोडला होता. पण वीज जमिनींत उतरून जाण्यास मार्ग ठेविलेला नव्हता. वादळांत ते यंत्राजवळ उभे असतां विजेनें त्यांच्या मस्तकावर झेप घेतली व ते तत्काळ गतप्राण झाले. विद्वत्ता तेथें उपयोगीं पडली नाहीं.

आतां वर्गांतील ओहमच्या नियमाचाच आधार घेऊं. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या शरीराचा रोध ५०,००० ओहम धरिल्यास प्रवाह ४.६ मिलिअँपिअर येतो. ओल्या हातानें रोध १,००० ओहमपर्यंत उतरला, तर तोच २३० होतो. सुमारें १ मिलिअँपिअरनें मुंग्या येतात. १० ते २० नें स्नायु आखडून धरलेली तार सुटत नाहीं. ५० च्या पुढें हृदयाची गति बिघडूं शकते. हा हिशेब ढोबळ आहे. एवढ्या दाबाखालीं कोरड्या त्वचेचा रोधही ढांसळतो. तेव्हां कोरडा हात म्हणजे अभय नव्हे. ओला हात मात्र उघड संकट होय.

आपल्या प्रांतांत हें विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे. पावसाळ्यांत महाबळेश्वर-पाटणकडे भिंतींना ओल येते, आणि २००५ व २०१९ सालीं कृष्णेचें पाणी सांगलीकरांच्या घरांत शिरलें होतें. भिजलेल्या भिंतींतील बटणें व जोडण्या जाणत्या तारतंत्र्याकडून तपासून घेतल्यावांचून वीज सुरू करूं नये.

कित्येकांस वाटतें कीं, फ्यूज आहे म्हणजे भय नाहीं. हा भ्रम आहे. ५ अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. तो तारेचें रक्षण करितो, माणसाचें नव्हे. माणसासाठीं ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारें आर.सी.सी.बी. नांवाचें साधन मिळतें. तें प्रयोगशाळेंत असावें. तीन पिनांच्या प्लगांत अर्थिंगची पिन सर्वांत लांब असते, ती याकरितां कीं तिनें प्रथम जोडावें व शेवटीं सुटावें. ती कापून टाकणें म्हणजे रिखमानांच्या घरीं जो मार्ग नव्हता, तो आपणच बंद करणें होय.

पाण्याच्या पृथक्करणासारखे प्रयोग भिंतींतील विजेवर कधींही करूं नयेत. टॉर्चचे तीन सेल ४.५ व्होल्ट देतात. वरील हिशेबानें ओल्या हातांतूनही प्रवाह ४.५ मिलिअँपिअरच जाईल. जोडणी पूर्ण करून शिक्षकांनीं पाहिल्यावरच बटण दाबावें.

तरीही कोणास धक्का बसलाच, तर त्यास हातानें ओढूं नये. ओढणाराही त्याच प्रवाहांत सांपडतो. प्रथम मुख्य बटण बंद करावें. मग श्वास बंद असल्यास १०८ वर दूरध्वनि करून, मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां दाब द्यावा.

पालकहो, घरांतील मुख्य बटण कोठें आहे, हें आपल्या पाल्यास आजच दाखवावें. संकटसमयीं तें शोधण्यास वेळ मिळत नसतो.