बायबल स्वतः वाचणाऱ्या रमाबाई

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. धर्मगुरूंचा शब्द मात्र अखेरचा मानला नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव, या) सिद्धान्तावरून वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. ब्राह्मणी पुरोहितशाही झुगारलेली ही विदुषी दुसरे जोखड घेणार तरी कशी?

असाच स्वतंत्र विचार करणाऱ्या, प्युरिटनांच्या (कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या) अमेरिकेतील बोस्टनमध्ये घरी स्त्रियांना धर्मवचने उलगडून सांगणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनला १६३७ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली होती. त्याच बोस्टनमध्ये १८८७ साली रमाबाईंच्या विधवांसाठीच्या कार्याला मदत करणारी संस्था उभी राहिली.

पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.