जन्मतारा : आपल्या वयाइतका दूर

मागच्या वेळी आपण ‘आत्ता’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द घेऊन गच्चीवर जाऊ.

जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो ते आपलं जन्मनक्षत्र. ते जन्मभर बदलत नाही. आज आपल्याला वेगळाच तारा शोधायचा आहे. ज्याचा प्रकाश आपण जन्मलो त्या सुमारास तिथून निघाला आणि आज रात्री आपल्या डोळ्यांत पोहोचतो आहे, असा तारा. त्याला आपण जन्मतारा म्हणू.

हिशेब अगदी साधा आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो जेवढं अंतर तोडतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तेव्हा आपलं वय जितकं, तितक्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधायचा. घरात आठ-नऊ वर्षांचं नातवंड असेल तर त्याला व्याध दाखवा. पंचविशीतल्या मुलीला अभिजित, सदतिसाव्या वर्षी स्वाती, त्रेचाळिसाव्या वर्षी ब्रह्महृदय, पासष्टीच्या आसपास रोहिणी. सप्तर्षींपैकी मरीची आणि क्रतू ही दोन टोकं सोडली, तर मधले पाचही तारे ८० ते ८५ प्रकाशवर्षांच्या टप्प्यात येतात. ऐंशी ओलांडलेल्यांची चांगलीच सोय झाली म्हणायची!

पण ही अंतरं मोजली कशी? नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसेल. पृथ्वी सहा महिन्यांनी कक्षेच्या दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा ताराही दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत असाच किंचित सरकतो. बेसेल यांनी १८३८मध्ये हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्याचं अंतर याच पद्धतीने काढलं. पुढे हिप्पार्कस आणि गाया या उपग्रहांनी ही मापं पुष्कळ बारकाईने घेतली. तरी प्रत्येक आकड्यात थोडं इकडेतिकडे होतंच. म्हणून वाढदिवसाची तारीख जुळवायचा हट्ट धरू नये; वर्ष जुळलं तरी पुष्कळ झालं.

आता खरी गंमत बघा. हा तारा कायमचा आपला नसतो. पुढच्या वर्षी त्याच ताऱ्याकडून येणारा प्रकाश आपण एक वर्षाचे असताना निघालेला असेल. म्हणजे दर वर्षी जन्मतारा आणखी दूर शोधावा लागतो.

नैयायिक म्हणत, डोळ्यातलं तेज बाहेर पडून वस्तूला भिडतं आणि मग प्रत्यक्ष ज्ञान होतं. तसं असतं तर आपण तारा आत्ताच्या स्थितीत पाहिला असता. प्रत्यक्षात प्रकाश तिकडून आपल्याकडे येतो, म्हणून आपल्याला दिसतो तो ताऱ्याचा ‘तेव्हा’. ‘दिसतं’ आणि ‘आहे’ ही दोन क्रियापदं आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. ती तशी वापरता येत नाहीत, हे आकाश आपल्याला शिकवतं.

हे आम्हाला पुस्तकात कळलं होतं. उमगलं मात्र उशिरा. आमचा धाकटा भाऊ सदतिसाव्या वर्षी गेला. त्याला आज पस्तीस वर्षं झाली. यंदा वैशाखात गच्चीवर सप्तर्षींच्या शेपटीचा बाक धरून स्वातीपर्यंत आलो आणि सवयीने वजाबाकी केली. हा प्रकाश निघाला तेव्हा तो हयात होता.

तो आहे, असं यातून सिद्ध होत नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, एवढं आम्हाला कळतं. पण तो होता, आणि तो असतानाचं काहीतरी आत्ता, या क्षणी, डोळ्याला लागत होतं. हे विधान खरं आहे, त्यात अलंकार नाही. दोनेक वर्षांनी ते स्वातीबद्दल करता येणार नाही. मग आम्ही ब्रह्महृदयाकडे वळू.

तुम्हीही आपापल्या वयाचा तारा शोधा. आणि जमलं, तर एक वजाबाकी दुसऱ्या कुणासाठी करा.