कोंबड्या किती पाळाव्यात?

नाशिक जिल्ह्यात कोंबडी नाही असे खेडे सहसा सापडावयाचे नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर ती दारात चरते, आणि सपाटीवर पत्र्याच्या लांब शेडमध्ये हजारांनी वाढते. पण ‘घरी किती पाळाव्यात?’ असे विचारले, की ‘खुराड्यात मावतील तेवढ्या’ हेच उत्तर बहुधा मिळते. खुराड्यात मावणे निराळे, अंगणाने पोसणे निराळे. आज आपण घरची अंडी आणि घरचा रस्सा, एवढ्यापुरताच विचार करू.

गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते. हिशेबाला ५० धरू. एका दमात बारा-पंधरा अंडी झाली की बाई खुडूक होते. रवणीला बसवली तर २१ दिवस अंड्यांवर, आणि पुढे दोनेक महिने पिल्लांच्या मागे. तेवढा काळ अंडे बंद. म्हणजे जिच्याकडून पिल्ले घ्यावयाची, तिच्याकडून अंड्यांची आशा बेताचीच धरावी. हा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता घरात पाच माणसे आहेत असे समजा. आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. वर्षाची अंडी झाली ४००. रवणीला बारा-बारा अंडी पाच वेळा ठेवली, तर ६० गेली, उरली ३४०. आठवड्याला साडेसहा! माणशी जेमतेम एक. पाच रवणींतून काय मिळाले? बारातली नऊ फुटली, आणि घार, मांजर, मुंगूस व पाऊस यांतून सहा वाचली असे धरले, तरी वर्षाला ३० पक्षी. त्यांतले निम्मे कोंबडे. चार तलंगा म्हाताऱ्या कोंबड्यांच्या जागी ठेवल्या आणि त्या म्हाताऱ्या हंडीत गेल्या. एकूण महिन्याला अडीच पक्षी खाण्याविकण्याला मोकळे झाले. रश्श्याला हे पुरे. अंड्यांना मात्र नाही. आपल्याकडील पोषणशास्त्रज्ञ माणशी वर्षाला १८० अंडी सांगतात. त्या मापाने ह्या घराला ९०० अंडी हवीत. ती गावठीकडूनच घ्यावयाची, तर एकोणीस-वीस कोंबड्या पाळाव्या लागतील, आणि तेवढ्यांना एकट्या घराचे अंगण पुरत नाही.

येथे गिरिराज किंवा वनराज ह्या सुधारित जाती उपयोगी पडतात. नीट सांभाळल्यास ह्या वर्षाला सव्वाशे ते दीडशे अंडी देतात, पण रवणीला सहसा बसत नाहीत. म्हणून चार गावठी पिल्लांसाठी आणि पाच सुधारित अंड्यांसाठी, असा मेळ मला बरा वाटतो. चारांची २०० आणि पाचांची ७०० मिळून ९००. रवणीची ६० वजा जाता ८४०. आठवड्याला सोळा अंडी आली. मात्र सुधारित कोंबडीचे पोट नुसत्या चरण्यावर भरत नाही. तिला रोज मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तरी, दाणा वरून द्यावा लागतो. पाचांचा वर्षाचा दाणा ९१ किलो होतो. त्यावर ५०० अंडी जास्त मिळतात. आपल्या गावच्या भावाने हे परवडते की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे. शिक्षकमित्रांनी हा हिशेब वरच्या वर्गाला फळ्यावर घालावा. मुले घरी जाऊन आईला उत्तर सांगतील, आणि बहुतेक घरी कोंबड्यांचा कारभार आईच्याच हाती असतो.

अंगण किती पोसते, हे मात्र सुगीत मोजू नये. भात-नागलीची मळणी चालू असताना वीस कोंबड्याही गलेलठ्ठ दिसतात. वैशाख-ज्येष्ठात दाणा सांडत नाही, किडा सापडत नाही. त्या वेळी ज्या जगतात आणि अंडी देतात, तेवढ्याच आपल्या. द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. निफाड-दिंडोरीकडे बागांवर औषधांची फवारणी वरचेवर होते. तेथे मोकळी कोंबडी सोडणे धोक्याचे. तिला जाळीत ठेवा, म्हणजे सगळा दाणा आपणच द्यावयाचा, आणि संख्या निम्मी करावयाची.

कोंबडे विकावयाचे असतील तर आखाड साधावा, कारण श्रावण लागला की गिऱ्हाईक आटते. गावठी कोंबडा भरावयाला पाच-सहा महिने लागतात, तेव्हा रवण मार्गशीर्षात बसली पाहिजे. पिल्ले पौषात निघतील, आणि निफाडची पौषातली थंडी तर प्रसिद्धच आहे. रात्री डालग्यावर पोते आणि खाली कोरडे तूस पाहिजेच.

‘मग एकदम पाचशेच का पाळू नयेत?’ असे तरुण मंडळी विचारतात. पाळावेत, पण तो धंदा झाला, त्याचा हिशेब पाणी, वीज, खाद्य आणि कर्ज यांवर बसतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर करोनाच्या नुसत्या अफवेने कोंबडीचा भाव कोसळला. अंगणातल्या नऊ कोंबड्यांना भाव पडल्याची झळ फारशी लागत नाही.

त्यांना खरे भय मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे. तो आला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि झाल्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात घालावा, आणि पुढच्या मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्याव्यात. अडचण एवढीच, की लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही. तेव्हा पाड्यावरच्या दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, सगळ्यांनी आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवाव्यात, आणि कुपी बर्फात घालून आणावी. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी सगळ्या पाड्याचे काम उरकते.