डोंबिवलीच्या उकाड्यात बटर बाहेर ठेवावं का?

आजचा प्रश्न रोजच्या नाश्त्यातला. सकाळी लोकल गाठायची घाई, आणि फ्रिजमधून काढलेलं बटर म्हणजे दगड. लावायला गेलं की ब्रेड फाटतो. मग रात्रभर बाहेरच ठेवलं तर?

बरेच परदेशी व्हिडिओ सांगतात, ‘बटर रूम टेंपरेचरला ठेवा.’ पण कुणाची रूम? त्यांची असते साधारण २० अंशांची. बटर १५ ते २० अंशांना छान पसरतं आणि ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं. मे महिन्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीतलं किचन दुपारी तिथवर सहज पोचतं. एकदा वितळलं की त्यातलं पाणी आणि फॅट वेगळं होतं. परत फ्रिजमध्ये ठेवलं तरी आधीचा मऊपणा येत नाही, रवाळ लागतं.

आता टिकण्याचं बघू. विकतच्या पिवळ्या बटरमध्ये किमान ८०% फॅट आणि जास्तीत जास्त १६% पाणी असतं. हे पाणी बारीक थेंबांत अडकलेलं असतं आणि मीठ त्याच थेंबांत विरघळतं. १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम मीठ धरलं, तरी ते थेंब समुद्राच्या पाण्यापेक्षा तिप्पट खारट होतात. तिथे जंतूंना वाढणं अवघड. घरच्या पांढऱ्या लोण्यात मीठ नसतं, वर ताकाचा अंश राहतो, म्हणून ते लवकर आंबतं. आजी ते पाण्यात ठेवते, पाणी बदलत राहते आणि शेवटी कढवून तूप करते. पाणीच उडालं की बाहेर टिकण्याचा प्रश्न बराचसा सुटला!

पण मीठ असलं तरी हवा आणि उजेड लागून बटर खवट होतंच. म्हणून सरळ हिशोब: फ्रिज म्हणजे मेन स्टोरेज, बाहेरची डबी म्हणजे छोटा कॅशे.

१. डिसेंबर-जानेवारीत एक-दोन दिवसांत संपेल एवढंच खारं बटर बाहेर काढा. झाकणाची स्टीलची डबी घ्या, गॅस आणि खिडकीपासून लांब ठेवा.
२. सुरी कोरडी आणि स्वच्छ हवी. ब्रेडचा चुरा आत गेला की बुरशीला आमंत्रण.
३. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर नको. दात घासायला जाताना लागेल तेवढाच तुकडा काढा, चहा होईपर्यंत तो मऊ होतो.
४. तेवढाही वेळ नाही? थंड बटर किसणीवर किसून ब्रेडवर पसरा.
५. पांढरं लोणी कायम फ्रिजमध्येच.

आणि खवट वास आला, तर चव घेऊन बघू नका. टाकून द्या.

तुमच्या किचनमध्ये आत्ता किती अंश आहेत? एकदा मोजून बघा, मग डबी कुठे ठेवायची ते ठरवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!